सावलीची मोजणी

फार मागं तळ्याकाठच्या वडावर उडायची एक नामी शाळा होती. ज्याच्या घरट्यावर वडाची सावली पडेल, त्याचंच पिल्लू तिथं घ्यायचं, असा नेम. नाल्यापलीकडं बाभळीवर एक चिमणा राही. त्याच्या पिल्लाला पंख फुटले, पण उडायला शिकवणार कोण?

वडाच्याच ढोलीतला पोपट सावली मोजायला निघाला, तो सूर्य ऐन डोक्यावर असताना. सावली बुंध्याशीच गोळा झालेली. चिमण्याच्या मनात पाल चुकचुकली.

"पोपटराव, ऊन कलेपर्यंत थांबा की!"

"मोजणी दुपारीच असते. आणि तुमच्या बाभळीवर शाळा आहेच ना?"

"फांदी आहे, मास्तर कुठाय?"

पोपट ढोलीत शिरला. शेजारची खार म्हणाली, "भावजी, सावली रोज संध्याकाळी आपल्या दारी येते. म्हणून तर हे दुपारी मोजतात."