राही लोहारणीने भट्टी विझवली

काडेपेटी अजून गावात आली नव्हती, त्या काळची ही गोष्ट. भोरदरीत राही नावाची लोहारीण होती. नवरा गेल्यावर ऐरण तिनेच सांभाळली. तिच्या भट्टीतला विस्तव पिढ्यान्‌पिढ्या विझला नव्हता. कोणाची चूल विझली की बाई खापरी घेऊन शेजारी जायची, नाहीतर राहीकडे यायची. आणि गावाचा एक नियम होता. विस्तव मागायला आलेल्या बाईला दारातून परत पाठवायचं नाही. तिने आत यावं आणि चुलीतला निखारा आपल्या हाताने उचलावा. वैऱ्याच्या घरीसुद्धा हा नियम चालायचा.

गावात बयाजी नावाचा माणूस होता. गोड गळ्याचा, भजनात पुढे. लग्न असो, मयत असो, पहिला हजर. एके दिवशी त्याची बायको साळू चावडीवर आली. तिने पाठीवरचा पदर सरकवला. पाठभर उलथन्याचे डाग होते. काही जुने, काही ओले.

पंच हबकले. मग बोलू लागले.

"बयाजी? आपला बयाजी?"

"रागात झालं असेल. संसार आहे, पोरी."

साळू एवढंच म्हणाली, "परत धाडलंत तर तो मला जिवंत ठेवणार नाही."

पाटील भला माणूस. त्याने भल्या माणसासारखी चूक केली. पाच सवाष्णी बोलावल्या, खणानारळाने साळूची ओटी भरवली आणि वाजतगाजत तिला नवऱ्याच्या दारात सोडलं. बयाजीने पाटलाचे पाय धरले. गाव समाधानाने जेवलं.

त्यानंतर साळू पाणवठ्यावर दिसेना. "माहेरी गेली," बयाजी म्हणाला. तिच्या माहेरी पटकीच्या साथीत कोणी उरलं नव्हतं. हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. तरी गावाने मान डोलावली.

राहीने डोलावली नाही. तिने पाण्याची घागर उचलली आणि भट्टीवर ओतली.

तो आवाज शिवेपर्यंत गेला, असं म्हणतात. माणसं धावत आली. लोहारणीने आपल्या हाताने विस्तव मारला, हे कोणाच्या डोक्यात शिरेना.

"वेड लागलं का, वहिनी?" तिचा दीर म्हणाला.

"आता माझ्याकडे विस्तव नाही," राही म्हणाली आणि खापरी घेऊन निघाली.

त्याच घटकेला गावातली चूल न् चूल विझली, असं म्हणतात. भाकरी तव्यावर कच्ची राहिली. धूर फक्त बयाजीच्या छपरातून निघत होता.

राहीने त्याचं दार वाजवलं. "विस्तव दे."

बयाजी हसला. "लोहारणीला विस्तव? उद्या नदी येईल पाणी मागायला."

"येईल तेव्हा तिला दे. मला आत्ता हवा."

"थांब, आणून देतो."

"मागणारीने उचलायचा असतो. तुला नियम शिकवू?"

तोवर तिच्यामागे गावच्या बायका खापऱ्या घेऊन उभ्या राहिल्या होत्या. सगळ्यांनाच विस्तव हवा होता. बयाजीला दार सोडावं लागलं.

साळू चुलीमागे होती. गुराच्या दाव्याने खांबाला बांधलेली. तोंडात बोळा होता. तो ओटीतल्या खणाचा होता.

ज्या सवाष्णीने तो खण दिला होता, तिने तो ओळखला. तिनेच तो साळूच्या तोंडातून काढला.

राहीने उघड्या तळहातावर निखारा घेतला आणि दाव्याला लावला. दावं जळून तुटलं. साळूच्या कातडीला आच लागली नाही आणि राहीचा हात पोळला नाही, असं म्हणतात. बयाजीने काठी उगारली. बायका हलल्या नाहीत. ती काठी खाली आलीच नाही.

बायकांनी साळूला उचलून चावडीवर आणलं. राहीने तो खण पाटलापुढे ठेवला.

"ओटी तुम्हीच भरवली होतीत, पाटील."

पाटलाने मान खाली घातली. पंचांनी बयाजीला गावाबाहेर काढलं आणि जमीन साळूकडे दिली. तो कुठे गेला हे भोरदरीने कधी विचारलं नाही.

त्याच्या चुलीतला निखारा मात्र एकाही बाईने नेला नाही. साळू उभी राहू शकेपर्यंत गाव थंड अन्नावर राहिलं. मग तिने चकमक झाडली. पहिली ठिणगी भट्टीत पडली आणि गावच्या साऱ्या चुली आपोआप पेटल्या, असं म्हणतात.

आता घरोघरी गॅस आहे. तरी कोणाच्या घरातून मारल्याचा आवाज आला की शेजारणी खापरी घेऊन जातात. "विस्तव द्या," म्हणतात, आणि आत जातात. घर कोणाचं ते बघत नाहीत. सरपंचाच्या दारातही गेल्या आहेत. पुढे दवाखाना असो, पोलीस असो, कोर्ट असो, त्या बाईबरोबर दोघीजणी जातात.

भट्टीच्या जागी बायकांनी खोली बांधली आहे. तिला राहीची खोली म्हणतात. तिला कडी आतून आहे, बाहेरून नाही. आलेल्या बाईला जेवण मिळतं, अंथरूण मिळतं. ओटी कोणी भरत नाही. परत जायचं की नाही, ते तीच सांगते.