सात कोठ्यांची घूस आणि उन्हातला दगड

शाळेच्या बाईंनी तीन दिवस माझा पिच्छा पुरवला. मुलांसाठी एक गोष्ट लिहून द्या म्हणे. माझी शाळा तिसरीत सुटली, पेन धरलं की बोटं दुखतात, आणि गावात गोष्टी सांगणारी तोंडं काय कमी आहेत? पण चौथ्या दिवशी बाई वही-पेन घेऊन ओट्यावरच येऊन बसल्या आणि उठेनात. तेव्हा एकदाच सांगतो. वाचताना मधेच कोणी 'मग?' म्हणायचं नाही. मग काय झालं ते मीच सांगणार आहे.

एका जंगलात, ओढ्याच्या वरच्या अंगाला, एक घूस राहत असे. घूस म्हणजे उंदराची थोरली बहीण. ज्यांना माहीत नसेल त्यांनी आपल्या घराचा पाया एकदा बघून घ्यावा. तिच्या बिळाला सात कोठ्या होत्या आणि सातही भरलेल्या. ज्वारीचे दाणे, सावा, भुईमुगाच्या शेंगा, वाळकी बोरं. सगळा माल तिनं स्वतःच्या दातांनी ओढून आणलेला, कष्टाचा. शेतकऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं, पण त्यांना इथं कोणी विचारलेलं नाही.

तिच्या आईनं तिला एक शिस्त घालून दिली होती. जुनं आधी संपवायचं, नव्याला हात लावायचा नाही. ऐकायला शिस्त चांगली आहे. पण व्हायचं काय, की घूस पहिल्या कोठीतले किडके दाणे खात बसायची, तोवर दुसऱ्या कोठीला टोके, म्हणजे धान्यातले किडे, लागायचे. ती दुसरी संपवायची, तोवर तिसरीला बुरशी. सुगी आली की सातव्या कोठीत ताजी ज्वारी यायची. तिचा वास बिळभर दरवळायचा. घूस दाराशी नाक लावून एक मोठा श्वास घ्यायची आणि चिखलानं दार लिंपून टाकायची. पुढं कधीतरी त्या कोठीची पाळी येऊन ते दार उघडलं की आत पीठ आणि किडे. अशी ती सात कोठ्यांची मालकीण जन्मभर कुबट खात आली. आणि गंमत अशी, की त्यात काही चुकतंय असं तिला कधी वाटलंच नाही. अन्नाची चव अशीच असते, ही तिची समजूत.

तिचं सगळं लक्ष होतं ओढ्याकाठच्या दगडावर. काळाभोर, सपाट दगड. थंडीच्या दिवसांत सकाळचं पहिलं ऊन त्याच्यावर पडायचं आणि थोड्या वेळात तो चुलीजवळच्या पाटासारखा ऊबदार व्हायचा. जंगलाची रीत अशी होती की जो सगळ्यांत श्रीमंत, त्यानं थंडीभर त्या दगडावर बसायचं. बाकीच्यांनी खाली ओल्या वाळूत.

घूस लहान होती तेव्हा तिची आई एका सकाळी तिला घेऊन त्या दगडाच्या कडेला नुसती टेकली होती. बसली नव्हती, टेकली होती. वर रानडुक्कर पसरलेला होता. त्यानं डोळासुद्धा उघडला नाही. नुसता मागचा पाय झाडला आणि म्हणाला, "खाली."

आई खाली उतरली. पिल्लाला पोटाशी घेऊन वाळूत बसली आणि कुडकुडत म्हणाली, आपल्याही कोठ्या भरतील एक दिवस. पुढं आई गेली. कोठ्या भरल्या. पण ते 'खाली' घुशीच्या कानातून काही गेलं नाही. जमिनीखाली एकटीच दाणे ओढत असायची तेव्हाही तिला ते ऐकू यायचं, आणि ती आणखी एक खेप करायची.

त्या वर्षी रानडुक्कर उसाच्या नादानं पलीकडच्या खोऱ्यात निघून गेला. दगड रिकामा झाला. आता श्रीमंत कोण, हे ठरवायचं होतं, आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या कासवाकडे होतं. तपासायची पद्धत सरळ होती. कासव पाहुणा म्हणून घरी यायचं, आणि घरमालकानं त्या दिवशी सकाळी स्वतः जे खाल्लं असेल तेच त्याला वाढायचं. पाहुण्यासाठी वेगळं काढायचं नाही. डुकरानं ही रीत मोडून टाकली होती. तो म्हणायचा, माझ्या अंगाकडे बघा आणि काय ते समजून घ्या. आता रीत पुन्हा सुरू झाली.

पहिलं नाव कावळ्यानं दिलं. त्याच्या घरट्यात एक चमचा होता, आरशाचा तुकडा होता आणि सायकलची एक घंटी होती. कासवानं झाडाखालून मान वर करून विचारलं, सकाळी काय खाल्लंस? कावळा इकडे बघतो, तिकडे बघतो. सकाळी तो खारीकडे जेवला होता. तेव्हा कासव खारीकडे गेलं. खारीच्या ढोलीत फार काही नव्हतं, पण जे होतं ते ताजं होतं. तिनं शेंगा सोलून पुढं ठेवल्या आणि पेरूचा अर्धा भाग दिला. अर्धा पोरांनी आधीच खाल्ला होता. एवढ्याशा सामानात थंडी निघेल का, असं कासवानं विचारलं, तर खार म्हणाली, निघेल की. पाहुणे आले तर चार दिवस कमी निघेल.

ही सगळी बातमी घुशीला कावळ्यानंच आणून दिली. बिळाच्या तोंडाशी बसून तो म्हणाला, "काय घूसबाई, आता दगड तुमचाच. बसल्यावर आमच्याकडे बघून पाय तेवढा झाडू नका."

घूस मनातल्या मनात हसली. खारीची ती एक ढोली, आणि आपल्या सात कोठ्या. स्पर्धा कसली? तिनं बीळ झाडलं, वाट सारवली. कासव दोन दिवसांनी पोचलं. म्हणजे घाईच केली म्हणायची. दारात मात्र त्याची पाठ अडकली, तेव्हा त्यानं मान लांब करून जेवढं दिसलं तेवढं पाहिलं. घुशीनं एकेक कोठी सांगितली, कुठल्या सालची, कुठल्या बांधावरची. कासवानं मान डोलवली आणि जेवायला वाढ म्हणालं.

तिनं पळसाच्या पानावर सकाळचेच दाणे मांडले. लाजत नाही, चोरत नाही, चांगली ताठ मानेनं. एक टोका पानावरून उतरून चालू लागला, तर तिनं त्याला अदबीनं बाजूला सारलं. कासव चावत बसलं. बराच वेळ चावलं. कासवं तशीही सावकाश चावतात, म्हणून घुशीला काही शंका आली नाही.

घास कसाबसा खाली उतरल्यावर कासवानं विचारलं, "बाई, त्या सातव्या कोठीतली ज्वारी कशी लागते?"

"कशी लागणार आजोबा? अशीच की."

"खाल्लीस कधी?"

"तिची पाळी अजून यायची आहे."

"कधी येईल?"

घूस मोजायला लागली. सहावी संपेल तेव्हा सातवी. पण सातवीची पाळी येईल तेव्हा ती आजची ज्वारी राहिलेली नसेल. हे इतकं सोपं होतं आणि ते तिला कधी कोणी विचारलंच नव्हतं.

कासव मागं सरकत दारातून सुटलं. जाताना म्हणालं, "घरात माल पुष्कळ आहे आणि राखणदारीण कष्टाळू आहे. मालकीण काही भेटली नाही. उद्या दगडापाशी ये."

घुशीला असा राग आला म्हणता! आयुष्यभर खपले, ते ह्या दगडासारख्या म्हाताऱ्याकडून राखणदारीण म्हणवून घ्यायला? रागारागानं ती आत गेली आणि त्याच रागात सातव्या कोठीचं लिंपलेलं दार दातांनी फोडलं. एक दाणा तोंडात टाकला. कडक लागला. मग तो फुटला, आणि आतून गोडवा जिभेवर उतरला. दुसरा खाल्ला. तिसरा खाल्ला. अरे, ज्वारी अशी लागते होय? मग शेंगा कशा लागत असतील? त्याही पाहिल्या. गाल फुगेतो खाल्ल्यावर तिला आई आठवली, जिनं ह्याच शिस्तीत जन्म काढला आणि असला दाणा कधी चाखला नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "तुझी पाळी आलीच नाही गं."

थोडी रडली. पण तोंडात शेंगा असल्या की फार वेळ रडता येत नाही, करून बघा. मग तिला हसू यायला लागलं, आणि ते थांबेना. तशी हसतच ती बाहेर पळाली, आणि जन्मात पहिल्यांदा दार लावायला विसरली.

दुसऱ्या दिवशी ऊन पडायच्या आत तिनं माल ओढ्याकाठी आणायला सुरुवात केली. खार पोरांसकट मदतीला आली. "मावशी, तुम्ही ठीक आहात ना?" असं तिनं दोनदा विचारलं. ससे आले, रानउंदीर आले, कावळा घंटी घेऊन आला आणि वाजवत सुटला. किडकं सगळं मुंग्यांना दिलं. त्यांनी ते लग्नाची वरात नेल्यासारखं रांगेत नेलं. सगळं वाटून ती जोगीण झाली असं मात्र समजू नका. मूर्ख नव्हती ती. तीन कोठ्या तिनं थंडीसाठी आणि अडीअडचणीसाठी राखून ठेवल्या. श्रीमंतानं उद्याची सोय करू नये असं मी कुठं म्हटलंय?

दगडावर ऊन आलं. वर बसायची मात्र कोणाची छाती होईना. सगळे वाळूतच खात होते. एक रानउंदरीण तेवढी पिल्लाला घेऊन कडेला टेकली होती. बसली नव्हती, टेकली होती. घूस शेंगांचं पान घेऊन तिकडे वळली, तशी ती घाबरी झाली आणि पिल्लाला ओढून खाली उतरू लागली.

घूस जागच्या जागी थांबली. सगळ्यांना वाटलं, आता म्हणणार.

"उतरू नकोस गं," घूस म्हणाली. "जरा सरक. मलाही टेकू दे."

उंदरीण सरकली. घूस टेकली. दगड खरंच ऊबदार होता, आईनं सांगितला होता त्याहून जास्त. मग तिनं खारीला हाक मारली, खारीच्या पोरांनी सशांना ओढलं, आणि बघता बघता दगड भरला. एवढा मोठा दगड. दहा-बाराजण आरामात मावत होते. इतकी वर्षं एकटा डुक्कर त्याच्यावर लोळत होता आणि सारं जंगल खाली कुडकुडत होतं.

कासव पोचलं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. त्यानं विचारलं, श्रीमंत कोण ते ठरवायचं ना? सगळ्यांची तोंडं भरलेली होती. घूस आणि खार दोन बाजूंना सरकल्या, सशांनी ढकलून कासवाला वर चढवलं. मधोमध त्याला जागा झाली. घुशीनं त्याच्यापुढं ताजी ज्वारी ठेवली. म्हणाली, आज सकाळी मी हीच खाल्ली.

कासवानं एक घास खाल्ला, ह्या वेळी फार चावत बसलं नाही. घुशीकडे बघून म्हणालं, "भेटली मालकीण." आणि मान आत ओढून उन्हात झोपी गेलं.

तात्पर्य : भरलेल्या कोठ्यांनी कोणी श्रीमंत होत नाही. उद्यापुरतं ठेवून ज्याला आज ताजं खाता येतं, आणि बसल्या जागी सरकून दुसऱ्याला बसवता येतं, तो श्रीमंत. बाकीचे नुसते राखणदार.

झाली गोष्ट. आता एक काम करा. वाचून झाली की ही वही वरच्या आळीत नेऊन द्या. लग्नाच्या पंगतीत मला वाढलेल्या पानावरून उठवून तिथं मोटारवाला पाहुणा बसवणारा माणूस त्या आळीत राहतो. पंगतीत जागा होती. सरकले असते तर दोघं मावलो असतो. अकरा वर्षं झाली, अजून त्यानं माफी मागितलेली नाही. घर विचारत बसू नका, त्याचं नाव सांगितलं की कोणीही दाखवील : तुळशीराम बंडू खरमाटे.