अर्धा फेरा

"मग चूक आहे कुठं, ते तरी सांगा ना!"

डॉक्टर वैजयंती हेरलेकर यांचा आवाज जरा चढलाच.

यासीनमिस्त्रींनी वीतभर लांबीचा तो रेल्वेचा डबा उन्हाकडे धरला. एक डोळा मिटून खिडकीतून आरपार पाहिलं.

"चूक...? दिसत तर नाही."

"नाहीच आहे!"

"हं..."

हे 'हं' बाईंना सलत होतं. कोल्हापुरात दातांच्या डॉक्टर म्हणून त्यांचं नाव होतं आणि हात विलक्षण बारीक कामाचा. फावल्या वेळात त्या आगगाडीचे छोटे डबे बांधत. परदेशातून सुटे भाग मागवायचे, भिंग लावून चिमट्यानं जोडायचे, कथलाचे डाग द्यायचे, रंगवायचे. या डब्याचे तीनशे शहाऐंशी भाग होते. अकरा महिने लागले. दारांच्या मुठी तिळाएवढ्या, तरी प्रत्येक वेगळी बसवलेली.

आणि गेल्या वर्षी पुण्याच्या हौशी मंडळींच्या मेळाव्यात याच डब्यानं पहिल्या वळणावर रूळ सोडला. एकदा नाही, तीनदा. कुणीतरी म्हणालं, "हा कपाटात ठेवा मॅडम, शोभून दिसेल."

ते वाक्य बाई अजून विसरल्या नव्हत्या. पुढचा मेळावा पंधरा दिवसांवर आला, तेव्हा कुणीतरी मिरजेच्या मिस्त्रींचं नाव सुचवलं. चौतीस वर्षं रेल्वेच्या कारखान्यात खरे डबे बांधलेला माणूस. बाईंनी मोटारीत शेजारच्या सीटवर खोका ठेवला, त्याला पट्टा बांधला आणि रविवारी सकाळीच मिरज गाठली.

"रूळच वाकडे होते त्यांचे," बाई म्हणाल्या.

"असतील."

मिस्त्रींच्या पडवीत फळ्यांवर रुळांची एक फेरी मांडलेली होती. तिच्यावरून छोटं इंजिन एक डबा ओढत फिरत होतं. डबा चहापत्तीच्या पत्र्याचा, मिस्त्रींनी स्वतः कापलेला. खिडक्या खालीवर. एका बाजूला कंपनीच्या नावातलं अर्धं अक्षर तसंच शिल्लक.

बाईंना हसू आलं. त्यांनी ते पदराआड लपवलं.

मिस्त्रींनी इंजिन थांबवलं, पत्र्याचा डबा सोडवला.

"तुमचा लावा."

बाईंनी श्वास रोखून आपला डबा रुळांवर ठेवला. इंजिन निघालं. सरळ पट्टा झकास पार पडला. वळण आलं...

खट्!

डबा आडवा. एक मूठ उडून कुठंतरी गेली.

बाई गुडघ्यांवर बसून फरशी चाचपू लागल्या. मिस्त्रींनी बोट ओलं केलं, फटीतून ती मूठ अलगद टिपली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली.

"चाचा, तुमचा रूळ इथं अर्धा मिलिमीटर खाली आहे!"

"आहे."

"मग तो आधी सरळ करा!"

"चौतीस वर्षं डबे बांधले, डॉक्टरबाई. जमीन सरळ असल्याचं एकदाही ऐकलं नाही."



मिस्त्रींनी पत्र्याचा डबा पुन्हा जोडला. तोच रूळ, तेच वळण. डबा खुळखुळत आला, तिथं जरासा झुकला आणि निघून गेला.

बाईंनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. मग आपल्या डब्याकडे. चिडावं की रडावं, कळेना.

"उलटा करा," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी डबा उलटा केला. पोटाखाली पुढं आणि मागं चाकांच्या दोन चौकटी होत्या. प्रत्येक चौकट मधोमध एका स्क्रूवर बसवलेली.

"हा स्क्रू कुणी आवळला?"

"मीच. हलू नये म्हणून गोंदाचा थेंबही सोडलाय."

मिस्त्रींनी पेचकस पुढं केला.

"ढिला करा."

"तुम्हीच करा ना."

मिस्त्रींनी दोन्ही हात पाठीमागं नेले.

बाईंनी पेचकस टेकवला. गोंद कट्कन सुटला, तसा त्यांचा चेहरा वाकडा झाला.

"किती?"

"अर्धा फेरा."

"झाला."

"आता मागचा."

"तोही?"

"थोडा कमी."

चौकट बोटाखाली डुगडुगू लागली. बाई कळवळल्या.

"अहो चाचा, खुळखुळा झाला याचा! माझ्या धंद्यात हलणारी वस्तू एकतर घट्ट बसवतात, नाहीतर उपटून टाकतात!"

मिस्त्री मोठ्यानं हसले. त्यांच्या वरच्या ओळीत दोनच दात होते आणि दोन्ही हलत होते. बाईंनाही हसू फुटलं. हसता हसताच त्यांनी डबा रुळांवर ठेवला.

इंजिन निघालं.

सरळ पट्टा... वळण... अर्धा मिलिमीटर खाली असलेली ती जागा. चाकं खाली उतरली, चढली. डबा कमरेत वाकल्यासारखा झाला आणि पुढं गेला.



दुसरी फेरी. तिसरी. दहावी.

त्या तशाच फरशीवर मांडी घालून बसल्या. साडीला धूळ लागली, समोर आणून ठेवलेला चहा कपात निवला. डबा जवळ आला की त्यांची मान त्याच्याबरोबर फिरे, आणि लांब गेला की ओठ जरासे उघडे राहत.

बऱ्याच वेळानं त्यांनी पर्समधून वही काढली.

"पुढचा अर्धा फेरा, मागचा थोडा कमी. थोडा म्हणजे किती, चाचा? मोजून सांगा. लिहून ठेवते."

"बोटाला विचारा."

पेन तसंच हवेत राहिलं. मग बाईंनी वही मिटली.

डबा पुन्हा वळणावर आला. त्यांनी डोळे बारीक केले. अकरा महिन्यांची सवय अशी जाते थोडीच...

"एक सांगू का?" त्या हळूच म्हणाल्या. "चालतोय छान. पण डोलतोय फार. खरा डबा असा डोलेल का?"

मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला. मिशी पुसली.

"डॉक्टरबाई... रेल्वेत बसून तुम्हाला किती वर्षं झाली?"