नववा रकाना

विषय : राजा होण्यास मंजुरी मिळणेबाबत.
संदर्भ : राज्याच्या सेनापतींचा स्वहस्ते लिहिलेला अर्ज. एकूण रकाने नऊ, पैकी भरलेले आठ.

उपरोक्त विषयी निवेदन असे की, एकदा एका डोंगरी राज्याचा राजा ऐन उन्हाळ्यात, कोणताही आजार नसताना, आपल्या शय्येवर मरण पावला. छातीत कट्यार होती, त्यामुळे वैद्यांना निदानाला फारसा वेळ लागला नाही.

त्या राज्याची एक जुनी रीत होती. राजाच्या शयनगृहाला आतून कडी नसे. मूळपुरुषाने ती काढून टाकली होती. ज्याला आपल्याच माणसांना दार लावून घ्यावे लागते त्याने राज्य करण्याच्या भानगडीत पडू नये, असे त्याचे मत होते. कडीच्या जागी माणूस असे. राजाच्या सर्वांत विश्वासातला एक जण तलवार घेऊन उंबऱ्याशी आडवा झोपे. याला उंबऱ्याचा मान म्हणत, आणि दरबारात याहून मोठा मान नव्हता. गेली अकरा वर्षे हा मान सेनापतीकडे होता.

सेनापतीने सांगितले की, पहाटे आपला जरा डोळा लागला, तेवढ्यात पाणक्या भिवा आपल्याला ओलांडून आत गेला असावा. भिवा रोज सकाळी राजाला तोंड धुण्याचे पाणी नेई. त्या सकाळीही त्याने नेले, आणि आतले दृश्य पाहून पहिली आरोळी त्यानेच मारली. त्याच्या हातून पडलेली घागर तिथेच सापडली. तोच त्याच्याविरुद्धचा पुरावा ठरला. राजाला मारून भिवाला काय मिळणार होते, हे कोणी विचारले नाही. राजाला मूलबाळ नव्हते, तेव्हा सेनापतीला काय मिळणार होते, हे तर मुळीच कोणी विचारले नाही.

देहदंड देण्याचा अधिकार फक्त अभिषिक्त राजाला होता. म्हणून ठरले असे, की सकाळी सेनापतीचा राज्याभिषेक व्हावा आणि दुपारी भिवाचा शिरच्छेद. तोवर भिवाला दफ्तराच्या शेजारच्या खोलीत, सरदारांच्या पहाऱ्यात ठेवले.

आता दफ्तराविषयी. त्याचे प्रमुख येसोपंत ऐंशीच्या घरातले होते. त्यांच्या ज्ञानाची कीर्ती ऐकून निळकंठ नावाचा तरुण सहा वर्षांपूर्वी नीतिशास्त्र शिकायला आला होता. पंतांनी त्याला पहिल्याच दिवशी कागदांचा एक ढीग दाखवून सांगितले होते, "आधी हे लावून ठेव." तो ढीग अजून संपलेला नव्हता. निळकंठाला तरीही आपल्या गुरूचा अभिमान होता. फक्त त्या अभिमानाला आधार म्हणून एखादा प्रसंग अद्याप हाती लागला नव्हता. राजाचा खून झाला तेव्हा त्याला वाटले, आता गुरुजी दरबारात उभे राहतील आणि खुन्याचे नाव घेतील.

चौथ्या दिवशी सेनापती अर्ज घेऊन दफ्तरात आला. येसोपंत उठून उभे राहिले आणि त्यांनी स्वतःच्या हाताने त्याच्यासाठी चटई अंथरली. निळकंठाला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

सेनापतीच्या ताब्यात फौज होती, वाडा होता, खजिना होता. तरी त्याला कागद हवा होता, कारण मोहोर उठवलेला अर्ज वाचल्याशिवाय बारा सरदार शपथ घेत नसत. बळाने मिळवणाऱ्यांचे हे असेच असते. घेताना ते कोणाला विचारत नाहीत, घेऊन झाल्यावर मात्र रीतसर मंजुरीसाठी येतात.

"पंत, सगळं भरलंय. नाव, कूळ, वय, पराक्रम. पराक्रमाला जागा पुरली नाही, म्हणून पुरवणी जोडलीय."

"पाहिली. अक्षर सुरेख आहे तुमचं."

"मग उठवा मोहोर."

"नववा रकाना राहिला."

नवव्या रकान्यात लिहायचे होते ते उंबऱ्याच्या मानकऱ्याचे नाव. नव्या राजाने भर दरबारात त्याच्या हाती स्वतः नंगी तलवार द्यायची, आणि त्याच्याकडे पाठ करून सात पावले चालत सिंहासनापर्यंत जायचे, अशी रीत होती.

"ते बघू नंतर," सेनापती म्हणाला.

"नंतर कसं बघणार? तलवार आधी आहे, सिंहासन मग."

सेनापतीने लेखणी शाईत बुडवली आणि कागदावर धरली. शाई वाळली. पुन्हा बुडवली. शेवटी त्याने झोकात लिहिले, 'निरंक'.

येसोपंतांनी चष्मा पुसून ते वाचले. "निरंक चालायचं नाही. निरंक म्हणजे अशी बाबच नाही. दार तर आहे."

"पंत, तुमच्या जागी मी दुसरा दफ्तरदार नेमू शकतो!"

"अवश्य. नेमणूक राजा करतो. त्यासाठी हा अर्ज मंजूर व्हायला हवा."

सेनापती अर्ज गुंडाळून निघून गेला. पंतांनी वहीत लिहिले : दाखल. अपूर्ण. पूर्ततेसाठी परत.

"गुरुजी," निळकंठ म्हणाला, "खुन्याला चटई घातलीत?"

"अर्जदाराला घातली."

"साऱ्या गावाला माहीत आहे खून कोणी केला ते!"

"माहीत आहे की वाटतं?"

निळकंठाने हातातला कागद ढिगावर टाकला.

"पुरावा आण, आत्ता लिहितो. तो नसेल तर वाटण्यावर माणूस मारायचा नाही. भिवाबद्दल सेनापतीलाही काहीतरी वाटतंच आहे. तो ढीग बघ, उजवीकडून कोसळतोय."

यानंतर अर्ज ये-जा करू लागला. प्रथम सेनापतीने मेहुण्याचे नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी येऊन ते खोडले. "काल मला विचारत होता, पहारा कधीपासून सुरू करू म्हणून. एवढी घाई कशाला?" मग एका म्हाताऱ्या, लंगड्या, अत्यंत इमानी सुभेदाराचे नाव आले. तेही खोडले गेले. "तो म्हणाला, मला हा मान नको. का बरं नको म्हणाला असेल? त्याच्या कानावर काय आलंय?" घाई करणारा चालेना आणि नकार देणाराही चालेना. दोन्हींच्या मधला माणूस राज्यात सापडेना.

मग एके दुपारी सेनापतीची पत्नी मेण्यातून उतरली. आदल्या दिवशी तिचेच नाव रकान्यात आले होते.

"पंत, माझं नाव काढून टाका."

"बाईसाहेब, मान मोठा आहे."

"असू दे. आठ दिवस झाले, माझ्या हातचं जेवत नाहीत. आधी मी घास खायचा, मग ते. जन्मभर ज्यांच्यासाठी झटले, ते मला असं बघतात. दाराला कडी नसते, हे त्यांच्या ध्यानात मीच तर आणून..." ती एकदम थांबली. "नाव काढा माझं."

निळकंठाने झटकन लेखणी उचलली होती. पंतांनी डोळ्यांनीच त्याला ती खाली ठेवायला लावली. अर्ध्या वाक्याची साक्ष होत नाही. त्यांनी नावावर एक सरळ रेघ मारली आणि बाईंना पाणी विचारले.

महिना उलटला. भिवा जिवंत होता, तो केवळ एक रकाना कोरा होता म्हणून. कागद अडवून ठेवण्याबद्दल दफ्तरातल्या माणसांना आजवर पुष्कळ शिव्या मिळालेल्या आहेत. त्या दिरंगाईने एकाची मान शाबूत राहिल्याचे हे उदाहरण म्हणूनच आवर्जून नोंदवावेसे वाटते.

एक दिवस सेनापती आला तो पंतांकडे न जाता सरळ निळकंठापाशी थांबला. त्याचे डोळे खोल गेले होते.

"ए, तुला तलवार कशी धरतात ठाऊक आहे?"

"नाही, सरकार."

"उत्तम. तुझं नाव लिहितो. उंबऱ्याचा मान तुला. सरदारांच्या रांगेत बसशील. आणखी काय हवं, बोल."

निळकंठाच्या तोंडून निघून गेले, "भिवा."

"पाणक्या? दिला. माफी देतो, हद्दपार करतो. झालं? उद्या सकाळी होकार कळव."

सेनापती गेला. निळकंठ ताडकन उठून गुरूजवळ बसला.

"गुरुजी, घेतो मी हा मान. भिवा सुटेल. आणि मग दाराला कडी नाही, उंबऱ्याशी मी, हातात तलवार. एका क्षणात न्याय होईल. राज्य सुटेल या माणसाच्या तावडीतून. तुम्ही नुसते कागद परत पाठवत बसलात, मी काम पुरं करतो."

"बरं. आणि मग सिंहासनावर कोण?"

"कोणीही चांगला माणूस. तुम्ही म्हणाल तो." निळकंठ जरा थांबला. "तशी वेळ आलीच तर मीसुद्धा."

येसोपंत हसले नाहीत. "मग तुझ्या अर्जात नवव्या रकान्यात कोणाचं नाव लिहिशील?"

निळकंठाने तोंड उघडले. एक नाव जिभेवर आले, मग दुसरे, मग कोणतेच येईना. समोर लेखणीवरची शाई वाळत असल्याचा भास त्याला झाला.

"निळकंठा, ऐक," पंत म्हणाले. "सेनापतीही जन्मतः दुष्ट नव्हता. राजा म्हातारा झाला, कारभार ढिला पडला, आपण सुधारू, फक्त एवढं एकदाच, असंच तो मनाशी म्हणाला असेल. तुझं कारण त्याच्याहून चांगलं आहे, हे मान्य. पण दार तेच, तलवार तीच, आणि भरवशावर झोपलेल्या माणसाला मारणंही तेच. राज्य एकट्याला घेता येतं. राखायचं म्हटलं की कोणाकडे तरी पाठ करावी लागते. विश्वास ठेवणाऱ्याला ज्याने मारलं, त्याला स्वतःला पाठ करता येत नाही. मी त्याला अडवलेलं नाही. एक नाव विचारलं, एवढंच. हात स्वच्छ असलेल्या माणसाने ते एका दमात लिहून दिलं असतं."

"पण भिवा सुटतोय ना!"

"ते त्याला विचार. मान त्याची आहे."

निळकंठ शेजारच्या खोलीत गेला. भिवा भिंतीला टेकून बसला होता. त्याने सगळे ऐकून घेतले.

"माफी घेतली तर खून माझा झाला, दादा," तो म्हणाला. "बायको म्हणंल, पोरं म्हणतील, केला असंल म्हणून तर माफी घेतली. मला नको ती."

"अरे, पण मरशील!"

"कागद पुरा झाल्यावर ना? मग होऊ नका देऊ पुरा. एवढं शिकलाय, तेवढं जमंल का नाही?"

त्या खोलीतून बाहेर येताना निळकंठाची मान, खूप दिवसांनी, ताठ होती. ज्या राज्यातला पाणक्या आपला जीव असा तोलून बघतो, त्या राज्याचे दफ्तर आपण सांभाळतो, याचा त्याला प्रथमच अभिमान वाटला.

सकाळी सेनापती आला तो दोन वृद्ध सरदारांना साक्षीला घेऊन. त्याने लेखणी उचलली. "हं, पूर्ण नाव सांग."

"मला हा मान नको, सरकार."

"का? तुलाही भीती वाटते माझी?"

"वाटते. पण कारण ते नाही," निळकंठ म्हणाला. "काल संध्याकाळपर्यंत तुम्हाला झोपेत मारण्याचा माझा विचार होता. असा विचार ज्याच्या मनात येऊन गेला, त्याची उंबऱ्याशी झोपायची लायकी नाही."

सरदारांचे हात तलवारींकडे गेले. सेनापतीने त्यांना थांबवले. तो निळकंठाकडे टक लावून बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर रागाऐवजी काहीतरी भलतेच उमटले. उपाशी माणसाने भरल्या ताटाकडे बघावे तसे.

"एवढ्या दिवसांत मला खरं सांगणारा तू पहिला," तो हळूच म्हणाला. "विश्वास ठेवावा तर तुझ्यावरच."

त्याने लेखणी शाईत बुडवली. 'नि' लिहिण्यासाठी ती कागदापर्यंत नेली. शाईचा एक थेंब पडला, मग दुसरा. त्याने डाव्या हाताने उजवा मनगटाशी धरला. तरीही अक्षर उमटले नाही.

दोघांतला थोरला सरदार हे सारे बघत होता. तो शांतपणे म्हणाला, "सेनापती, एक नाव लिहायला एवढं काय लागतं? आमच्या राजाने तुमचं नाव हसत हसत लिहिलं होतं. मी शेजारीच उभा होतो."

सेनापतीने लेखणी खाली ठेवली आणि तो उठला. दारापर्यंत जाताना तो तिरका चालत गेला, कोणाकडेही पाठ होणार नाही अशा बेताने. दोन्ही सरदारांनी ते पाहिले. त्यांनी येसोपंतांना नमस्कार केला, आणि जाता जाता थोरल्याने भिवाच्या खोलीवरचा पहारा उठवला.

पंतांनी निळकंठाकडे पाहिले. शाबासकी देण्याची त्यांना सवय नव्हती. त्यांनी उजवीकडचा कागदांचा ढीग आपल्या पुढ्यात ओढून घेतला आणि म्हणाले, "आज हे मी लावतो. तू बस."

निळकंठ बसला. नीतिशास्त्राचा पहिला पाठ संपल्याचे त्याला समजले.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे. सरदारांनी शपथ घेतलेली नाही, ते आपसांत मिळून कारभार पाहतात. भिवावरचा आरोप सिद्ध झालेला नाही, तो दफ्तरात पाणी भरतो आणि घरी जेवायला जातो. सेनापती दर अमावास्येला येतात, त्यांना चटई घातली जाते, लेखणी दिली जाते. पुराव्याअभावी अर्ज फेटाळता येत नाही. अन्यत्रच्या इच्छुकांनी हा रकाना आपल्यापुरता भरून पाहण्यास कोणाचीही हरकत नाही. नववा रकाना कोरा असून अर्ज प्रलंबित आहे.