धाकटीचे पाय

एका राज्यात, जिथे नद्या राजाला विचारून पूर आणीत आणि पाखरे माणसांहून शुद्ध बोलत, ओबेद नावाचा राजा होता. त्याला दोन मुली. थोरली यमीमा, धाकटी कसीया. राणी कधीच देवाघरी गेली होती. यमीमा घोडा दौडवी, तलवार चालवी, दरबारात न्यायनिवाडा करी. आणि कसीया? कसीया आजाऱ्यांना पेज नेई, म्हाताऱ्यांची विचारपूस करी, आणि एवढ्याशा भांडवलावर साऱ्या राज्याच्या तोंडी तिचेच नाव. निदान यमीमाला तसे वाटे, आणि वाटले की तिचा जळफळाट होई.

राज्य प्रभूला मानणारे होते. घराण्याच्या मूळपुरुषाने एक रिवाज घालून दिला होता. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे प्रभू क्रुसावर गेला त्या दिवसाच्या, आदल्या दिवशी राजाने मुकुट उतरवावा, कमरेला रुमाल बांधावा, वेशीवर तांब्याचे गंगाळ मांडावे आणि जो कोणी वाटसरू येईल त्याचे पाय धुवावेत. प्रभूने आपल्या शिष्यांचे धुतले, मग राजा कोण मोठा लागून गेला?

पण ओबेद गादीवर बसला आणि त्याला या रिवाजाची लाज वाटू लागली. "चिखलाच्या टाचा राजाने चोळायच्या?" तो म्हणाला. त्याने गंगाळ तळ्यात फेकले, पाय धुवायला ज्याचे पाणी येई तो झरा एका मांत्रिकाला देऊन टाकला आणि रुमाल वाऱ्यावर सोडला. त्याच वर्षी होग्ला नावाची एक विणकरीण म्हातारी दूरच्या डोंगरावरून चालत वेशीवर आली. पहारेकऱ्यांनी तिला काठीने हाकलले. म्हातारी मंत्रविद्या जाणत होती. ती जाता जाता म्हणाली, "राजा, तुझे पाय दगडाचे होतील, आणि दगड काळजापर्यंत चढेल. तुझ्या रक्ताच्या कोणी गंगाळ, झऱ्याचे पाणी आणि रुमाल परत आणले, आणि जे पाय धुवायला आपला जीव सर्वांत जास्त नाही म्हणतो तेच पाय धुतले, तर दगड उतरेल."

हे सारे राजवाड्याच्या वेशीकडच्या खिडकीतल्या साळुंकीनेच काय ते ऐकले. पण तिला कोणी विचारले नाही, आणि न विचारता बोलायची तिला सवय नव्हती.

वर्षे गेली. राजाचे तळवे दगडाचे झाले, मग घोटे, मग गुडघे. वैद्य आले आणि दक्षिणा घेऊन गेले. रात्रंदिवस कसीया बापाच्या पायथ्याशी बसून ते थंडगार दगड चोळी, आणि कळ आली की राजा ओरडे, "कसीया! कसीया!"

एकदा यमीमा स्वतः औषध उगाळून घेऊन दाराशी आली आणि तिने ती हाक ऐकली. वाटी तिच्या हातात तशीच राहिली. 'सीमेवर मी लढले, दुष्काळात कोठारे मी सांभाळली, आणि हाक मात्र हिला,' ती मनात म्हणाली. 'बाबांनी एकदा, एकदाच, तसे माझे नाव घ्यावे.' राज्य तिला मिळणारच होते. तिला ती हाक हवी होती.

रागाच्या भरात तिने साळुंकीलाच विचारले, "यावर काही उपाय आहे का?"

"आहे," साळुंकी म्हणाली, आणि तिने म्हातारीचा शब्दन् शब्द सांगितला.

यमीमाने घोड्यावर जीन कसले. कसीया धावत अंगणात आली. "ताई, मीही येऊ?"

"तू बाबांपाशी बस. तेच तुला जमते."

कसीया अंगणातच थांबली. घोडा वेशीपार होईपर्यंत ती वाटेकडे बघत राहिली.

यमीमा पहिल्यांदा तळ्यावर गेली. तळ्याच्या बुडाशी गंगाळ होते आणि गंगाळावर एक बुढी मगरीण बसली होती. तिच्या अंगावर जळवांचा थर साचला होता. "जळवा काढ, गंगाळ घे," ती म्हणाली. यमीमाने नाक मुरडले नाही. ती छातीइतक्या पाण्यात उभी राहिली आणि तिने एकेक जळू बोटांनी उपटली. तिचे हात रक्ताने भरले. मगरिणीने सुखाचा सुस्कारा टाकला, गंगाळ वर ढकलले आणि विचारले, "तू कसीयाची बहीण ना? गुणी पोर हो! झऱ्यावर जाता येता भाकर टाकायची मला."

"मी यमीमा आहे," यमीमा म्हणाली. "राजाची थोरली मुलगी."

"असशील," मगरीण म्हणाली आणि बुडाशी गेली.

यमीमाच्या अंगाचा तिळपापड झाला. जळवा हिने काढायच्या आणि गुणी ती धाकटी! गंगाळ खोगिराला बांधून ती मांत्रिकाच्या झऱ्यावर गेली.

मांत्रिकाचे नाव बल्दद. त्याच्या घरात भांडी आपणहून चुलीवर चढत आणि पीठ आपणहून मळले जाई. पण झऱ्याकाठच्या धर्मशाळेत महारोगी राहत होते, आणि त्यांच्या जखमा कोणत्याही मंत्राने आपणहून धुतल्या जात नसत. "ते काम माणसाच्याच हाताला लागते," बल्दद म्हणाला. "ते कर, मग घडा भर."

यमीमाने बाह्या सारल्या. तिने पट्ट्या उकळल्या, जखमा धुतल्या, घास भरवले. खरे सांगायचे तर तिने काम चोख केले, आणि मनात म्हटले, 'आता बघू या लोकांच्या तोंडून कोणाचे नाव निघते.' शेवटच्या म्हाताऱ्याची पट्टी बांधून झाली. त्याने बोटे झडलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. "प्रभू तुझे भले करो, बाई. यंदा कसीयाबाई नाही आल्या?"

यमीमाने घडा भरला आणि उचलला, तर तो उचलेना. बल्दद दारात उभा राहून बघत होता. "या झऱ्याचे पाणी असे आहे," तो म्हणाला. "नेणाऱ्याच्या मनात जे साचले असेल ते त्यात उतरते. तुझ्या मनात बरेच दिसते."

"माझ्या मनात काही नाही," यमीमा म्हणाली आणि घडा ओढत निघाली. वाटभर तिला कसीयाच दिसत होती. पेज नेणारी कसीया, भाकर टाकणारी कसीया, पायथ्याशी बसलेली कसीया. एकेक आठवण आली की घडा शेराशेराने जड होई. घोड्याला तो पेलवेना, मग तिने तो खांद्यावर घेतला.

म्हातारी होग्लाचे खोपटे डोंगरमाथ्यावर होते. म्हातारीला तापाने घेरले होते. वाऱ्यावर सोडलेला रुमाल फिरत फिरत तिच्याच मागाला येऊन अडकला होता. यमीमाने चूल पेटवली, पेज केली, म्हातारीचे केस विंचरले आणि ताप उतरेपर्यंत उशाशी बसून राहिली. मग धीर करून विचारले, "इथे कसीया येऊन गेली का?"

"नाही," होग्ला म्हणाली.

यमीमाच्या जिवात जीव आला. एवढ्या मोठ्या जगात एक तरी जागा होती जिथे ती आधी पोचली होती.

"तिने साळुंकीकडून निरोप तेवढा पाठवला," होग्ला पुढे म्हणाली, "की ताई येईल, तिला थंडी बाधते, पण ती मागणार नाही, तेव्हा न विचारता घोंगडी द्या." आणि तिने घोंगडी पुढे केली.

यमीमाने घोंगडी घेतली नाही. ती कुडकुडत डोंगर उतरायला निघाली. निघताना म्हातारीने रुमाल तिच्या हाती दिला आणि म्हणाली, "अट विसरू नकोस. जे पाय धुवायला जीव नाही म्हणतो, ते."

"मी महारोग्यांच्या जखमा धुतल्या आहेत," यमीमा म्हणाली. "माझा जीव कशाला नाही म्हणत नाही."

म्हातारी हसली आणि तिने दार लावून घेतले.

यमीमा वेशीवर पोचली तो उत्तम शुक्रवारचा आदलाच दिवस होता. तिने दवंडी पिटवली. सारी नगरी जमली. दगड राजाच्या छातीला भिडला होता, म्हणून त्याला पलंगासकट वेशीवर आणले. यमीमाने कमरेला रुमाल बांधला, गंगाळ मांडले आणि भिकाऱ्यांचे पाय धुतले. दगड हलला नाही. तिने महारोग्यांचे धुतले, ज्याला फाशी व्हायची होती त्या दरोडेखोराचेही धुतले. लोक वाहवा म्हणाले, दगड मात्र तसाच. शेवटी तिने बापाचे दगडी पाय धुतले. दगड दोन बोटे वर चढला आणि राजाचा श्वास अडला.

"अजून कोणाचे?" यमीमा किंचाळली. "कोणाचे राहिले?"

साळुंकी पलंगाच्या खांबावर बसली होती. "मला विचारलेत म्हणून सांगते, राजकन्ये. तुम्हाला ठाऊक आहे."

आणि यमीमाला ठाऊक होते. डोंगरावरच ठाऊक होते. भिकाऱ्यापुढे वाकताना तिची मान वाकली नव्हती, कारण तो खाली होता आणि ती वरून वाकली होती. पलंगाच्या आड, गर्दीत मिसळून, कसीया उभी होती. तिच्यापुढे वाकायचे म्हणजे खरोखर वाकायचे. 'नाही,' यमीमाचा जीव म्हणाला. 'मरण आले तरी नाही. सगळे लोक बघताहेत.'

राजाच्या घशातून घरघर निघू लागली.

तेव्हा तिला लहानपणी आईने वाचून दाखवलेले आठवले. प्रभूने त्या संध्याकाळी सगळ्यांचे पाय धुतले. त्यांत यहूदाही होता. हा मला धरून देणार हे ठाऊक असताना प्रभूने त्याचेही पाय हातात घेतले, पुसले. 'आणि माझ्या बहिणीने माझे काय वाकडे केले आहे?' यमीमाने स्वतःला विचारले. तिने खूप शोधले. तिला काहीच सापडले नाही.

"कसीया," ती म्हणाली. "इकडे ये. पाटावर बस."

कसीया दचकली. "नको ताई. माझे नको."

"बस म्हणते ना."

कसीया बसली, पण पाय घागऱ्याखाली ओढून घेऊ लागली. यमीमा गुडघ्यांवर बसली आणि तिने धाकटीचे जोडे काढले. जोडे ओळखीचे होते. जरीची वेलबुट्टी विरलेली, टाचा झिजलेल्या. ते यमीमाचेच जुने जोडे होते. त्यांत दबून कसीयाची बोटे एकमेकांवर चढून कायमची वाकडी झाली होती आणि टाचांना भेगा पडल्या होत्या.

"हे काय ग?"

"तुझे जुने जोडे मला घट्टच व्हायचे," कसीया हळूच म्हणाली. "माझे पाय तुझ्याहून मोठे."

"मग सांगितले का नाहीस? चांभार मेला होता?"

"तुझे होते म्हणून घालत होते." कसीयाने मान खाली घातली. "तुझे जोडे घातले की वाटायचे, मीही घोड्यावर बसेन, तळ्याझऱ्याच्याही पलीकडे जाईन. तू गेलीस त्या दिवशी माझा फार जळफळाट झाला, ताई. तुला सगळे जग, आणि मला पायथा. बाबांचे पाय चोळत मी तुझा हेवा करत होते. म्हणून म्हटले, माझे पाय नको."

 यमीमाला हसू आले, आणि हसता हसता रडू फुटले. जन्मभर जिच्यावर यमीमा जळत होती, तीच बहीण यमीमावर जळत होती! तिने घड्याला हात घातला. घडा पेल्यासारखा अलगद उचलला गेला. तिने ती वाकडी बोटे एकेक करून धुतली, भेगांमधली माती काढली आणि रुमालाने टिपली. लोक बघत होते, पण कोण बघते आहे हे पाहायला तिला सवड नव्हती.

पलंगावर काहीतरी कडाडले. राजाच्या छातीवरचा दगड तडकला, मग मांड्यांचा, मग गुडघ्यांचा. कपच्या वेशीच्या धुळीत पडल्या आणि धूळ झाल्या. राजा उठून बसला. त्याने आपले गुलाबी, मऊ, नवजात पाय जमिनीवर टेकवले आणि हाक मारली, "यमीमा!"

"थांबा बाबा," यमीमा म्हणाली. "हिची एक टाच राहिली आहे."

तेव्हा राजा स्वतः चालत आला. त्याने मुकुट काढून धुळीत ठेवला, रुमाल मागून घेतला आणि गर्दीच्या शेवटी काठी टेकत उभ्या असलेल्या एका विणकरीण म्हातारीला पाटावर बसवले. होग्ला एवढेच म्हणाली, "उशीर झाला, राजा. पण पाय अजून मळलेलेच आहेत."

तेव्हापासून दरवर्षी वेशीवर गंगाळ मांडले जाते. पुढे बापाच्या हयातीतच यमीमा गादीवर बसली, तिनेही तो रिवाज मोडला नाही. पण राणी म्हणून तिचा पहिला हुकूम सैन्याला नव्हता, खजिन्याला नव्हता. तिने चांभाराला बोलावले आणि कसीयाच्या पायांचे माप घ्यायला सांगितले. नवे जोडे आले त्या दिवशी अंगणात दोन घोडे खोगीर घालून उभे होते. बहिणी वेशीपार गेल्या, आणि बापाच्या पायथ्याला त्या दिवशी कोणी बसले नाही, कारण बापही त्यांना सोडायला वेशीपर्यंत पायी चालत आला होता. प्रभू त्यांच्या पायांना वाट देवो, आणि आपल्या पायांनाही.