मान्साचं शेवटचं वाक्य

दूर आफ्रिकेत, समुद्राच्या कडेला, एका गावात एक रडणारी बाई होती. म्हणजे स्वभावाने रडकी नव्हे हो! मान्सा तिचं नाव, आणि रडायची ती फक्त नाटकात. ओटूमालकांच्या नाटकमंडळीत विधवा तीच, टाकलेली बायको तीच, पोरकी लेकही तीच. ती रडली की अख्खं गाव डोळे पुसायचं. मान्साला मात्र त्या रडण्याचा वीट आला होता.

तिला एकच स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. पहाटेचं धुकं, दुधासारखं पाणी, आणि एक बाई एकटीच होडी लोटतेय. बाई वळायची, हसायची, काहीतरी सांगायला तोंड उघडायची, आणि नेमकी मान्साला जाग यायची. मग दिवसभर ते धुकं तिच्या डोळ्यांत रेंगाळायचं.

"मालक, मला त्या बाईचं नाटक लिहायचंय. बसवणारही मीच," ती एकदा म्हणाली.

ओटू हसले. "बरं, एक नाटक तुझं. पण लोक मधूनच उठून गेले, तर पुन्हा लिहिण्याचं नाव काढायचं नाहीस. मी सांगेन तसं जन्मभर मुकाट रडायचं."

मान्साने लिहिलं. होडीवालीचा नवरा समुद्रावरून परतत नाही. ती रडत बसत नाही, स्वतःच होडी लोटते. स्वप्नातल्या बाईचे शब्द काही ऐकू आले नव्हते, म्हणून शेवटचं वाक्य मान्साने पदरचं घातलं. चांगलं लांबलचक, भारदस्त वाक्य! त्यावर तिचा फार जीव होता.

पण चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात, तसंच झालं. हरण्याच्या धास्तीने मान्सा तालमीत सगळ्यांना जखडू लागली. मान इथेच वळवा, श्वास तिथेच घ्या! त्या गावाची एक जुनी रीत होती. गोष्ट रंगात आली की ऐकणाऱ्यांपैकी कुणीही उठून गाणं धरायचं, आणि सांगणाऱ्याने तोवर थांबायचं. मान्साने तीही मोडली. "माझ्या नाटकात मध्ये कुणी गायचं नाही," तिने बजावलं.

"पोरी," म्हातारे नट एबोकाका म्हणाले, "मालक निदान श्वास तरी आमचा आम्हाला घेऊ देतात."

मान्साने ते कानाआड केलं.

दिवस मावळताना किनाऱ्यावर खेळ सुरू झाला. खरीखुरी होडी, मागे सोनेरी पाणी. पण नट लाकडी बाहुल्यांसारखे वावरत होते, आणि लोक तोंडाला कुलूप घालून बसले होते. कुणी जांभया देऊ लागलं. मागचे दोघे तर उठलेसुद्धा. कडेला ओटू मिशीत हसले. आता वाचवेल तर ते शेवटचं वाक्यच, असं मनाशी म्हणत होडीवाली झालेल्या मान्साने होडीला हात लावला आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात अराबाआजी उठल्या. मासे विकणाऱ्या आजी, ज्यांचा नवरा समुद्राने नेला होता. भान हरपून त्यांनी थरथरत्या आवाजात गाणं धरलं:

"हात लावा गं, हात लावा,
होडी कधी एकटीची नसते."

"शूऽऽ! आजी, गप बसा!" मान्साने राखणीला ठेवलेला माणूस धावला.

मान्साने आजींकडे पाहिलं. स्वप्नातलं तेच धुकं तिच्या डोळ्यांपुढे आलं, तीच हसणारी बाई, आणि आता तिचे शब्दही ऐकू येत होते. गळ्याशी आलेलं आपलं लाडकं वाक्य तिने गिळून टाकलं.

"गाऊ द्या त्यांना," ती म्हणाली. "आजी, पुढे या. एकटीला नाही लोटवत मला."

मग काय विचारता! एबोकाकांनी सूर मिळवला. उठलेले दोघे परत फिरले, जांभया देणारे वाळूतून धावले, आणि गाणाऱ्या गावाने ती होडी पाण्यात लोटली. ती संथपणे डुलू लागली. मान्साच्या गालांवरून पाणी वाहत होतं, आणि ते नाटकातलं नव्हतं.

ओटू जवळ आले. "हरलो बाई, लिही तू," ते म्हणाले. "पण तुझं ते शेवटचं वाक्य राहिलंच की!"

"राहिलं कुठे, मालक?" मान्सा हसली. "ते आजींजवळ होतं."

पुढे मान्साने खूप नाटकं लिहिली, बसवली. प्रत्येकात एक जागा ती मोकळी सोडायची, आणि कुणी ना कुणी उठून गायचंच.

तात्पर्य: आपल्याला बोलायला मिळालं म्हणून दुसऱ्याचं तोंड बंद करू नये, जो इतरांच्या सुराला जागा देतो, त्याचीच गोष्ट पुरी होते.