चेहरा जुळत नाही

लेकीचं जावळ काढून मी तिची ओळखच पुसली की काय, या काळजीने मला रात्रभर झोप नव्हती. नवं माहिती-तंत्रज्ञान धोरण असं होतं, की मोबाइलने चेहरा ओळखला तरच मुलाला बालवाडीत घ्यायचं. आमच्या शाल्मलीचा नोंदणीतला फोटो कुरळ्या जावळाचा होता, आणि गेल्या रविवारी मामाच्या मांडीवर बसवून तिचा गोटा केला होता. मोबाइलच्या मते ही ती नव्हतीच. बालवाडी नाही, तर माझी नवी नोकरीही नाही.

“आज नव्या वर्गाच्या उद्घाटनाला जिल्ह्याचे साहेब येतायत, त्यांनाच विचारा,” बालवाडीच्या नंदाताई म्हणाल्या.

साहेब आले. शाल्मलीला पुढे करून मी अडखळत सगळं सांगितलं.

“बाई, शिकलेल्या दिसता. फोटोतला चेहरा समोर नसेल, तर माणूस आलेला नाही असंच धरायचं. धोरण म्हणजे धोरण. केस वाढले की आणा हिला.”

मी मान डोलावली. दारावर त्यांच्या स्वागताचा फलक होता. फोटोत दाट केसांचा भांग. समोरच्या डोक्यावर मात्र ऊन चकाकत होतं.

“नंदाताई,” मी म्हणाले, “फीत कापायला जरा थांबू या. साहेब अजून आलेले नाहीत.”

साहेबांनी फलकाकडे पाहिलं आणि नकळत डोक्यावरून हात फिरवला. “हिला आत घ्या,” ते हळूच म्हणाले. “धोरणाचं मी बघतो.”

जिंकले, असं मला वाटतंय तोवर शाल्मलीने त्यांचं बोट धरलं.

“काका, रडू नका. तुमचे पण येतील परत.”